तुरीआडची झाडं

११ ऑक्टोबर, शनिवार

सही केली.

सकाळी भात कापायला निघालो होतो, तेवढ्यात पोलिसांची जीप खालच्या पाड्याकडे वळली. थोड्या वेळाने एक शिपाई आमच्या दारात. सरपंच मोखाड्याला गेलेले. मी ग्रामपंचायतीची सदस्य, घरपण जवळ. लिहितावाचता येतं ना, मग पंच म्हणून चला म्हणाला. कशाचा पंच ते वाटेत कळलं. ढवळूबाबांच्या शेतात गांजा सापडला होता.

ढवळूबाबा माझ्या सासऱ्यांच्या वयाचे. दोघे लहानपणी एकत्र गुरं राखायचे. त्यांच्या तुरीच्या ओळींमध्ये झाडं होती, माणसाच्या उंचीची. लांबून सगळी तूरच वाटते. शिपायांनी एकेक उपटलं, माती झटकली, वजन केलं, गोणीत भरलं, लाखेचा शिक्का मारला. साहेब सांगत गेले, एक जण लिहीत गेला. शेवटी कागद माझ्यापुढे. वाचून घ्या ताई, मग सही करा. वाचलं. सगळं खरंच होतं. खोटं एक अक्षर नव्हतं.

त्यांची बायको गोजाबाई उंबऱ्यात बसून माझ्याकडे बघत होती. रडत नव्हती. नुसती बघत होती.

जीपमध्ये चढताना ढवळूबाबा मला म्हणाले, "सावळ्याला सांग, माझा भात कापून घे." सावळा म्हणजे माझे सासरे. आम्ही त्यांना बाबा म्हणतो.

घरी आले, पाणी प्यायले. मग मागच्या दाराने आमच्या तुरीत शिरले.

आहेत. आमचीपण उभी आहेत! कोपऱ्यात, वालाच्या वेलाआड. वास घरापर्यंत येतोय, की फक्त मलाच येतोय?

१२ ऑक्टोबर

सासूला, म्हणजे आईला, पिशवीचा कॅन्सर आहे. होळीच्या सुमाराला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यातून सांगितलं, आता घरीच सांभाळा. गोळ्या दिल्या. पाऊस सुरू झाला तोवर त्या गोळ्यांनी काही होईना. इकडच्या डॉक्टरांनी सांगितलं, याहून जोराचं औषध असतं, पण ते इथे मिळत नाही, पेशंट घेऊन परत मुंबईला जावं लागेल. आईला कुशीवर वळवता येत नव्हतं, गाडीत कुठून बसवणार? एका दुपारी तिने स्वतःचा दंड चावला. रक्त निघेपर्यंत.

त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा ढवळूबाबांकडून वाळलेला पाला घेऊन आले. बीपण आणलं. गुळात मळून बारकी गोळी करायची, सकाळ-दुपार-संध्याकाळ. आई झोपायला लागली. पेज मागून घ्यायला लागली. एकदा तर पातेल्यावर झाकण कसं ठेवायचं यावरून मला बोलली! मला इतका आनंद झाला होता.

मला सगळं ठाऊक होतं. गूळ मीच चिरते. आणि काल दुसऱ्याच्या झाडांवर सही करून आले.

१४ ऑक्टोबर

गाडीचा आवाज आला. कोयता टाकून घराकडे पळाले. एसटी होती.

१६ ऑक्टोबर

फोनला रेंज यावी म्हणून टेकडीवर गेले. कमलेशला, म्हणजे नवऱ्याला, सगळं सांगितलं. तो ठाण्यात बिल्डिंगच्या कामावर आहे. घाबरला. म्हणाला, शेताचा वनपट्टा माझ्या नावावर आहे, माझ्यावर केस होईल, लावणीची शिक्षा दहा वर्षांपर्यंत असते, इकडे सेंटरिंगवाले सांगतात. आजच्या आज उपटून टाक म्हणाला. मग विचारलं, आये कशी आहे? मी म्हटलं, आज पेज पोटभर घेतली. मागे काँक्रीटचा मिक्सर फिरत होता तो ऐकू येत होता. शेवटी म्हणाला, "तू बघ."

तू बघ! सगळे माझ्यावरच टाकतात.

१९ ऑक्टोबर

ढवळूबाबांचा भात कापायला पाड्यातले सगळे गेलो. बाबा पुढे. मी नको म्हणत होते, पण सदस्य आली नाही असं झालं तर जास्त बोलतील. गोजाबाईने सगळ्यांना पाणी दिलं, मलापण दिलं. तांब्या देताना बोटं लागली. मी हात पटकन मागे घेतला.

मला आता पोलिसांपेक्षा गोजाबाईची भीती वाटते. बी तिच्या घरातून आलं. ढवळूबाबांनी आत एक नाव घेतलं, किंवा हिने रागाने एक नाव घेतलं, की संपलं. माझ्यावर राग नसेल का? असणारच. मी असते तर नाव घेतलं असतं.

ढवळूबाबांचंपण सगळं स्वच्छ नव्हतं. घरच्या वापराला एवढी झाडं लागत नाहीत. शिरपामाळ बघायला पर्यटकांच्या गाड्या येतात, त्यातली पोरं काच खाली करून विचारतात, माल आहे का. नाशिककडचा एक जण दर हंगामाला मोटारसायकलवर यायचा. नुसते बिचारे म्हातारे असं लिहिलं तर मीच खोटी ठरेन.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

माहेरी, जामसरला जाऊन आले. हरेश ओटीवर बसला होता, पाठ भिंतीला लावून.

माझा पाठचा भाऊ. भिवंडीला गोदामात हमालीला गेला आणि तिथे पोरांबरोबर गांजा ओढायला लागला. आधी सुट्टीला, मग रोज, मग उठल्याउठल्या. परत आला तेव्हा भिंतीतून कोणीतरी बोलतं म्हणायचा. एकदा माझ्या जामसरच्या आईच्या मागे कोयता घेऊन धावला. आता महिन्याला इंजेक्शन चालू आहे म्हणून शांत आहे. डॉक्टर म्हणतात, गांजाने झालं असेल, किंवा आजार मुळात असेल आणि गांजाने वर काढला असेल, नक्की सांगता येत नाही. आईला मात्र नक्की ठाऊक आहे. या झाडाचं नाव काढलं तरी ती थुंकते. मीपण थुंकायचे.

ओवाळताना हरेश पुढे झुकला आणि हळूच म्हणाला, "ताई, तुझ्या अंगाला वास येतो."

"कसला?"

"तोच."

आई चुलीकडे होती, तिने ऐकलं नाही. मी घरून आंघोळ करून, नवी साडी नेसून निघाले होते! मग नखांकडे बघितलं. गोळ्या वळताना आत गेलेला हिरवा रंग.

जेवताना त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं. मोबाईलवर सारखं येतं, परदेशात गांजा दुकानात मिळतो, आपल्याकडेपण सुरू करा म्हणतात, तुला काय वाटतं? त्याने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "सुरू झाला तर मला सांगू नको."

निघताना आई म्हणाली, याला चार दिवस तुझ्याकडे पाठवते, डोंगरावर बरं वाटेल. मी घाईने नको म्हटलं. सासू आजारी आहे म्हटलं. आईला लागलं ते. तोंडावर दिसलं.

तो आला तर तुरीत सरळ चालत जाईल. डोळे बांधले तरी.

२५ ऑक्टोबर

नखं दगडावर घासली. अजून आहे.

१ नोव्हेंबर

मंगळवारी ग्रामसभा. पोलिसांचं म्हणणं, गावाने नशामुक्तीचा ठराव करावा. कोणी लावली तर ज्याला दिसेल त्याने कळवायचं, आणि लावणाऱ्याला पंचायतीने पाठीशी घालायचं नाही. सरपंचांनी मला मुद्दाम सांगितलं, तुम्ही पंच होता, तुम्ही पहिला हात वर करा म्हणजे बाया करतील.

जव्हारहून मधुपण येणार आहे. संस्थेत काम करतो, वकिली शिकलाय, पट्ट्यांच्या दाव्यांत आमच्या पाड्याला त्याने खूप मदत केली. तो या ठरावाच्या विरुद्ध बोलणार म्हणे.

आज आईला गोळी देताना दार लावून घेतलं. दिवसाढवळ्या दार लावलेलं घर आमच्या पाड्यात एकच.

४ नोव्हेंबर, मंगळवार

शाळेच्या पटांगणात सभा. माणसं बरीच होती, वीटभट्टीवर जायच्या आधीची शेवटची म्हणून. साहेब स्वतः आले होते.

साहेब चांगलं बोलले, तसं लिहायला हवं. आवाज चढवला नाही. म्हणाले, मला म्हाताऱ्यांना आत टाकायची हौस नाही. पण झाड एकाच्या शेतात राहत नाही. ते मोटारसायकलवर बसून भिवंडीला जातं, आणि तिथे तुमचीच पोरं ते ओढतात. मी मान खाली घातली.

मग मधु उठला. म्हणाला, गांजा चांगला असं मी म्हणत नाही. पण शहरात वैद्याच्या चिठ्ठीवर याच झाडाचं औषध बाटलीत मिळतं, घरपोच येतं. उत्तराखंडात धाग्यासाठी पिकवायला परवाना देतात. म्हणजे झाड वाईट नाही, कोण लावतो ते बघितलं जातं. ज्यांना डॉक्टर मिळत नाही त्यांनी दुखणं कशाने थांबवायचं? कायदा बदलायला हवा, निदान औषधापुरता, आणि तोपर्यंत गावाने एकमेकांवर पाळत ठेवू नये.

काही म्हातारे हो हो करायला लागले. तेव्हा मला काय झालं कोण जाणे, मी उभी राहिले. बोलायचं ठरवलं नव्हतं. हरेशचं सांगितलं. कोयत्याचंपण सांगितलं, जे माहेराबाहेर कोणालाच सांगितलं नव्हतं.

मधु म्हणाला, "ताई, बंदी होतीच ना? मग हरेशला कसा मिळाला?"

उत्तर घरी येताना वाटेत आलं. बंदी उठवली असती तर आणखी दहा हरेश झाले असते. पण थोडं पुढे आल्यावर त्याचंपण उलट उत्तर आलं, बंदी असूनच हरेश झाला. मग आईचं पावसाळ्यातलं कण्हणं आठवलं आणि दोन्ही उत्तरं गेली.

हात वर करा म्हणाले तेव्हा मी पहिला केला. हरेशसाठी केला असं मला वाटायला हवं होतं. पण साहेब माझ्याकडे बघत होते म्हणून केला. बाबा मागे बसले होते. त्यांनी हात वर केला नाही. गोजाबाईनेपण नाही.

उठताना साहेब म्हणाले, ढवळूच्या केसमध्ये तुम्हाला कोर्टात साक्षीला यावं लागेल. आणि या आठवड्यात सगळ्या पाड्यांची शेतं फिरणार आहोत, खालून सुरुवात करू.

५ नोव्हेंबर

उपटली. सकाळी धुकं होतं तेव्हाच. मुळांना माती घट्ट धरून होती, पाय रोवून ओढावं लागलं. जाळली तर धूर वास सांगेल, म्हणून उकिरड्यात खोल पुरली, वर शेण टाकलं. घरात होता तो पालापण पुरला. सगळा. पुडीचा कागदसुद्धा.

बाबा ओट्यावरून बघत होते. मला वाटलं ओरडतील. ते उठून आले, वाफ्यात वाकले, राहिलेलं एक मूळ ओढून काढलं आणि माझ्या हातात दिलं.

तुरीत मधेच मोकळं दिसतं आता. तेपण कोणी ओळखेल का?

७ नोव्हेंबर

पोलीस आले. शेत फिरले. माझा नमस्कार घेऊन गेले. काही सापडलं नाही!

मी न्हाणीत जाऊन बसले. सुटलो, सुटलो असं म्हणत होते. बाहेर आले तर आई कण्हत होती, आणि ते कण्हणं वेगळं होतं.

८ नोव्हेंबर

दवाखान्याच्या गोळ्या दोनदा दिल्या. ओकून टाकल्या. पेज नको. पाणी नको. अंगावरची गोधडीपण नको, जड होते म्हणते. बाबा तिच्या पायाशी बसून असतात. तिचा पाय हातात धरून. ती लाथ मारते, तरी सोडत नाहीत.

कमलेशने फोनवर आईशी बोलायचं म्हटलं. टेकडीवर तिला नेणार कसं? मी खोटं सांगितलं, झोपली आहे.

९ नोव्हेंबर

आई मला म्हणाली, "तू हुशार ना? मग मला मारून टाक."

१० नोव्हेंबर, सोमवार

सकाळची जेवणं झाल्यावर बाबा काही न सांगता बाहेर गेले. आले ते कंबरेच्या फडक्यात पुडी घेऊन. माझ्यासमोर चुलीजवळ ठेवली. मी विचारलं, कुठून? म्हणाले, गोजाबाईकडून. झडतीच्या वेळी कुडाच्या भिंतीत होती, शिपायांना दिसली नव्हती.

मला वाटलं आता खरंच फिट येईल. पंचनामा झालेल्या घरातला माल माझ्या चुलीपाशी! मी म्हटलं, बाबा, तिने कसं दिलं? माझी सही आहे तिच्या माणसावर.

तेव्हा त्यांनी सांगितलं. ते दारात गेले, पण मागवेना. ढवळूबाबा नाहीत त्या घरी काय मागायचं? गोजाबाईनेच विचारलं, बायडीला लई दुखतय का? बायडी म्हणजे आई. बाबांनी मान हलवली. ती आत गेली, पुडी काढून आणली, होती नव्हती तेवढी सगळी. बाबांनी माझं नाव घेऊन काहीतरी माफीसारखं बोलायला सुरुवात केली, तर तिने थांबवलं. म्हणाली, "पोरीनं दिसला ता लिवला. बायडीला दुखतय, तिला दे."

मी गूळ चिरला. गोळी आईच्या जिभेखाली ठेवली. अर्ध्या दुपारी तिची मूठ सुटली. बोटं एकेक करून उघडली. मी बघत बसले होते.

गोजाबाईसमोर आता कशी जाऊ?

११ नोव्हेंबर

दुकानदाराने विचारलं, हल्ली गूळ फार लागतो वाटतं तुमच्याकडे. हसत विचारलं. मी पण हसले. घरी येईपर्यंत पाठ घामाने भिजली होती.

बाबांना गोजाबाईच्या दारातून निघताना कोणी पाहिलं का? ते म्हणतात नाही. पण ठरावानंतर सगळेच बघत असतात. मीच हात वर केला होता.

१२ नोव्हेंबर

आई शांत आहे. दोन घास खाल्ले. माझ्या वेणीला हात लावला.

पुडी तांदळात ठेवली, मग काढली. देवाच्या फळीमागे ठेवली, तिथूनही काढली. घरात जागाच उरली नाही. शेवटी आईच्या उशाखाली. झडतीवाले आजारी बाईला हलवणार नाहीत. हे माझ्या डोक्यात आलं आणि माझी मलाच भीती वाटली. एवढी मी कधी शिकले?

मधुला फोन करावा का? तो म्हणेल, कायदा बदलेल तेव्हा बदलेल, तोवर सांभाळा. आणि माझी जामसरची आई म्हणेल, मरू दे सासू, पण ते घरात नको. दोघंही खरंच बोलतील. मी कोणाचं ऐकू?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी जीप गोजाबाईकडे आली. कोणीतरी कळवलं होतं. कूड उचकटला, भांडी बाहेर काढली, काही सापडलं नाही. कुठे गेलं, कोणाला दिलं, विचारत होते. ती मातीकडे बघत उभी. दोनदा विचारलं, तीनदा विचारलं, बोललीच नाही. मग चौकीवर न्यायचं ठरलं.

मी गर्दीत होते. म्हटलं, "साहेब, मला दिलं. माझ्या घरात आहे. चला, दाखवते."

पोलीस आता आमच्या ओट्यावर बसलेत. मोखाड्याहून महिला पोलीस यायची आहे, तोवर थांबा म्हणाले. मी कपडे घ्यायला म्हणून आत आले आणि हे लिहितेय. आईची दुपारची वेळ झाली होती. उशाखालून पुडी काढली, गूळ चिरला, दार उघडं ठेवून सगळ्यांच्या समोर गोळी वळली आणि तिला दिली.

साहेबांनी तोंड दुसरीकडे फिरवलं.